पांढरा ठिपका, पण कितव्या मिनिटाचा?

पत्रातला प्रश्न थोडक्यात: नेत्रविभागात पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका वाचकाचा एफएफए वाचताना गोंधळ उडतो. एफएफए म्हणजे फ्लुओरेसीन डाय शिरेतून देऊन काढलेले दृष्टिपटलाचे फोटो. एका रुग्णाच्या मॅक्युलात, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागी, पांढरा ठिपका दिसला म्हणून त्यांनी रिपोर्टमध्ये 'लीक' लिहिलं. वरिष्ठांनी ते खोडून 'विंडो डिफेक्ट' केलं. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या रुग्णात तसाच ठिपका दिसला, या वेळी त्यांनी 'विंडो डिफेक्ट' लिहिलं आणि निघाला लीक. दोन्ही वेळा त्यांनी सगळ्यात स्पष्ट आलेली एक फ्रेम निवडून ती वाचली होती. "दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर मला आजही फरक दिसत नाही. पाकळ्या, धुराचा लोट, शाईचा डाग, जाळी, सगळे पॅटर्न पाठ केलेत, तरी चुकतं. माझी नजरच कच्ची आहे का? आणि आता ओसीटी-अँजिओ (डायशिवाय रक्तवाहिन्या दाखवणारी तपासणी) आल्यावर यात वेळ घालवावा का?"

उत्तर:

तुमच्या नजरेत काही खोट नाही. त्या दोन फोटोंत फरक दिसत नाही, कारण बहुधा तो तिथे नसतोच. तिसाव्या सेकंदाच्या एका फ्रेममध्ये लीक आणि विंडो डिफेक्ट अगदी जुळ्या भावंडांसारखे दिसू शकतात. वीस वर्षं हेच काम करणाऱ्यालाही ती एकच फ्रेम दिली, तर तो आधी विचारेल, "याच्या पुढची फ्रेम कुठे आहे?" तुम्ही सगळ्यात स्पष्ट फ्रेम निवडून वाचलीत, चूक तिथे झाली. एफएफएला फोटो समजू नका. दहा मिनिटांत काय काय बदललं याची ती नोंद आहे, आणि बदल वाचायचा तर दोन वेळा हव्यात.

तुमच्या पत्रामागे आणखी एक गृहीत दिसतं: पांढरं दिसलं म्हणजे काहीतरी बिघडलं. ते आधी सोडवू, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

डाय शिरेत गेल्यावर साधारण दहा-बारा सेकंदांत डोळ्यात पोचतो. आधी कोरॉइड (दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर) उजळतं, मग सेकंदाभराने दृष्टिपटलाच्या धमन्या. कोरॉइडच्या बारीक केशवाहिन्यांना मुळातच छिद्रं असतात, त्यामुळे तिथून डाय झिरपणं हे रोजचं, निरोगी काम आहे. म्हणजे प्रत्येक डोळ्यात, प्रत्येक वेळी, पडद्यामागे भरपूर चमक असते. ती आपल्याला पूर्ण दिसत नाही, कारण मध्ये आरपीईचा, म्हणजे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा थर आहे. हा थर दोन वेगवेगळी कामं करतो. त्यातलं मेलॅनिन चमक झाकतं, पडद्यासारखं. आणि पेशींमधले घट्ट जोड डायला पुढे येऊ देत नाहीत, भिंतीसारखे. पडदा विरला आणि भिंत शाबूत असली तर विंडो डिफेक्ट. भिंतीलाच भोक पडलं तर लीक. दृष्टिपटलाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना त्यांची वेगळी भिंत असते. ती फुटली तर डाय आतल्या बाजूने झिरपतो, जसं मधुमेहात किंवा शीर तुंबल्यावर होतं.

एवढं डोक्यात पक्कं बसलं की तुमच्या दोन ठिपक्यांचं वागणं पाठ करावं लागत नाही, ते आपोआप निघतं.

पहिला ठिपका, विंडो डिफेक्ट. चमक कोरॉइडची आहे, तेव्हा तो कोरॉइडबरोबरच उजळेल, म्हणजे अगदी सुरुवातीला, धमन्या भरताना किंवा त्याच्याही आधी. आकार पहिल्या फ्रेमला जेवढा, तेवढाच शेवटपर्यंत, कारण पडद्याचं भोक दहा मिनिटांत मोठं होत नाही. आणि कोरॉइडमधला डाय ओसरला की ठिपकाही मावळेल.

दुसरा, लीक. सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढा, कधी तर विसाव्या सेकंदापर्यंत दिसतही नाही. एका मिनिटाला तो ठसठशीत होतो, पाच मिनिटांना कडा पुसट होऊन पसरतो, दहा मिनिटांना आजूबाजूच्या वाहिन्या विझत आलेल्या असताना हा मात्र सगळ्यांत उजळ राहतो. आकार वाढला, चमक वाढली, कडा विरघळल्या. लीक म्हणायला तिन्ही गोष्टी लागतात. फक्त चमक वाढली म्हणून लीक लिहू नका, कारण आणखी दोन गोष्टींची चमक वाढते.

एक पूलिंग: डाय एखाद्या बंद जागेत साचतो. आरपीई खालून सुटून फुगली असेल तर त्या फुग्यात डाय एकसारखा भरतो, कडा सुरीने कापल्यासारखी राहते, चमक वाढते पण फुग्याच्या हद्दीबाहेर जात नाही. तेच पाणी आरपीईच्या वर, दृष्टिपटलाखाली असेल, तर भरण्याचा वेग मंद आणि कडा अस्पष्ट असते, कारण तिथे फुगवट्याची बाजू उभी नसून उतरती असते. दुसरी गोष्ट स्टेनिंग: ऊतीच डाय शोषून घेते. जखमेचा जुना व्रण, मऊ ड्रुझेन (आरपीईखाली साचलेले पिवळसर ठिपके), स्क्लेरा (डोळ्याचं पांढरं बाहेरचं आवरण) ही उदाहरणं. चमक हळूहळू येते, उशिरापर्यंत टिकते, कडा जागच्या जागी. लक्षात घ्या, निरोगी डिस्कची, म्हणजे डोळ्यातल्या मज्जातंतूच्या टोकाची, कडासुद्धा उशिराच्या फ्रेममध्ये स्टेन होते. अनेक नवशिक्यांनी तिला डिस्कची सूज म्हटलेलं आहे. तुम्ही तिचा उलट उपयोग करा. दहा मिनिटांच्या फ्रेममध्ये संशयित ठिपक्याची चमक डिस्कच्या कडेशी ताडून पाहा. फ्रेमच्या आतच ठेवलेली ती एक पट्टी आहे.

नियमाला एक अपवाद आधीच सांगतो, म्हणजे तो समोर आल्यावर नियमावरचा विश्वास उडणार नाही. विंडो डिफेक्ट शेवटी मावळतो हे खरं, पण आरपीईच्या झिजेबरोबर खालच्या कोरॉइडच्या केशवाहिन्याही गेल्या असतील, तर तो भाग सुरुवातीला उलट काळसर दिसतो आणि त्यातून मोठ्या कोरॉइडल वाहिन्या नागड्या दिसतात. पुढे बाजूच्या शाबूत केशवाहिन्यांतून डाय सरकत येतो, उघडा पडलेला स्क्लेरा स्टेन होतो आणि दहाव्या मिनिटाला डाग चमकत राहतो. अशा वेळी कडांकडे बघा. जुन्या झिजेच्या कडा नकाशातल्या सीमारेषेसारख्या स्पष्ट राहतात, बाहेर सांडत नाहीत.

आता फसवणूक कुठे होते ते, कारण तुमच्या दोन चुकांपैकी निदान एक इथली असू शकते.

सगळ्यात मोठा सापळा कॅमेऱ्यातल्या आपोआप उजेड वाढवण्याच्या सोयीचा. उशिराच्या फ्रेममध्ये डाय कमी झालेला असतो, म्हणून यंत्र किंवा फोटो काढणारी व्यक्ती उजेड वाढवते. स्क्रीनवर ठिपका आधीपेक्षा पांढरा दिसतो आणि आपण म्हणतो, चमक वाढली. प्रत्यक्षात सगळी फ्रेमच उजळलेली असते. म्हणून ठिपका त्याच्याच जुन्या फ्रेमशी ताडण्याआधी त्याच फ्रेममधल्या शेजाऱ्यांशी ताडा: जवळची शीर, जवळची पार्श्वभूमी, डिस्कची कडा. शेजारी मंदावले आणि ठिपका तसाच राहिला किंवा वाढला, तरच ती वाढ.

दुसरा सापळा फोकसचा. फोकस थोडा हलला, मोतीबिंदू असला किंवा अश्रूंचा थर सुकला, की प्रत्येक ठिपक्याची कडा पुसट होते आणि सगळं लीकसारखं दिसतं. उपाय अगदी साधा: ठिपक्याशेजारच्या बारीक वाहिनीची कडा बघा. तीही तेवढीच पुसट असेल तर ती फ्रेम बाजूला ठेवा, तिच्यावरून कडांबद्दल काही बोलू नका. आकार मोजतानाही अंदाज करू नका. दोन वाहिन्या जिथे एकमेकींना छेदतात असा एखादा बिंदू पकडा, ठिपका त्याच्यापासून किती अंतरावर संपतो ते लवकरच्या आणि उशिराच्या फ्रेममध्ये बघा. डिस्कच्या व्यासाच्या भाषेत लिहा: पाव डिस्क, अर्धा डिस्क. नजरेला वाटलेली वाढ पुष्कळदा या मोजणीत टिकत नाही.

तिसरी गोष्ट डाय देण्याआधीची. फिल्टर लावून डायशिवाय एक फ्रेम काढलेली आहे का ते नेहमी तपासा. डिस्कवरचे ड्रुझेन डायशिवायही चमकतात, आणि फिल्टर झिजलेले असतील तर पांढऱ्या गोष्टींवरून परतलेला निळा उजेडही डायसारखा दिसतो. डिस्क सुजली आहे की तिच्यात ड्रुझेन आहेत, या प्रश्नात ही एक फ्रेम फार मोलाची ठरते: ड्रुझेन आधीपासून चमकतात आणि शेवटपर्यंत आपल्या हद्दीत राहतात, सुजलेल्या डिस्कमधून डाय बाहेर झिरपतो.

तुमच्या पूर्ण पत्रात काळ्या भागांबद्दल एकही शब्द नाही, आणि याची मला तुमच्या दोन चुकांपेक्षा जास्त काळजी वाटते. पांढऱ्या ठिपक्यावर नजर खिळते आणि त्याच्या शेजारचा, रक्तपुरवठा बंद पडलेला राखाडी पट्टा निसटतो. मधुमेहाच्या डोळ्यात पुढचा धोका किती, हे ठरवताना तो पट्टा फार महत्त्वाचा असतो.

काळं दिसण्याची कारणं दोनच: चमक आहे पण झाकली गेली, किंवा डाय तिथे पोचलाच नाही. त्यांचा निवाडा रंगीत फोटो करतो. एफएफएमधल्या काळ्या डागाच्या जागी रंगीत फोटोत रक्त, रंगद्रव्य किंवा दाट स्राव आहे आणि आकारही जुळतो, तर ते झाकणं. रंगीत फोटोत तिथे काहीच नाही, तर पुरवठा बंद असल्याचा संशय घ्या. झाकलंय असं ठरलं की पुढे खोली काढता येते. काळ्या डागावरून दृष्टिपटलाच्या वाहिन्या सलग जाताना दिसतात, तर रक्त त्यांच्याखाली आहे. मोठ्या वाहिन्या दिसतात पण केशवाहिन्यांची जाळी गायब आहे, तर ते दृष्टिपटलाच्या आत आहे. काहीच दिसत नाही, तर सगळ्यांच्या वर, पुढे आहे. फोव्हिया (मॅक्युलाचा मध्यबिंदू) मात्र निरोगी डोळ्यातही काळसरच असतो. मधल्या सुमारे अर्ध्या मिलिमीटर भागात केशवाहिन्या नसतात, तिथल्या आरपीई पेशी उंच आणि रंगाने गडद असतात, वर पिवळं रंगद्रव्य निळा उजेड शोषतं.

याचं एक जवळून बघण्यासारखं उदाहरण: मधुमेहाच्या रुग्णाचा रंगीत फोटो घ्या, त्यातले दोन लाल ठिपके निवडा. दोन्ही सारखेच लाल, सारखेच गोल. आता पंचवीसाव्या सेकंदाची फ्रेम उघडा. एक ठिपका दिव्यासारखा पेटलेला असतो, तो मायक्रोअॅन्युरिझम (केशवाहिनीला आलेला बारीक फुगा), कारण त्यात रक्त वाहतंय. दुसरा काळाच राहतो, तो रक्तस्राव, कारण ते रक्त वाहिनीतून बाहेर पडून थांबलंय. मग दहाव्या मिनिटाला पहिल्याभोवती धुकं जमलं का ते बघा. जमलं तर तो लीक करतोय, नाही तर नुसता भरलेला आहे. हा एवढा सराव रोज एका फाइलवर केलात तरी महिन्याभरात फरक पडेल.

केशवाहिन्या बंद आहेत की नाहीत हे वाटेल त्या फ्रेमवरून ठरवू नका. त्यासाठी साधारण वीस ते तीस सेकंदांमधली, टोकदार फोकसची फ्रेम लागते. त्यानंतर पार्श्वभूमीची चमक वाढते आणि जाळी बुडून जाते. फ्रेमच्या काठावरची काळी चंद्रकोर बाहुली नीट न उघडल्यामुळेही असते. रुग्णाला नजर त्या दिशेला वळवायला सांगून पुन्हा काढल्यावर ती जागा बदलते. खरी बंद जागा बदलत नाही, आणि तिच्या कडेला छाटलेल्या फांदीसारख्या अर्धवट थांबलेल्या वाहिन्या दिसतात.

पाठ केलेल्या पॅटर्नचं काय करायचं? टाकू नका, फक्त त्यांना सगळ्यात शेवटी बोलवा. पाकळ्यांसारखा आकार हा मॅक्युलाच्या सूजेचा, हे बरोबर; पण तो उशिरा, पाच-दहा मिनिटांनी खुलतो, आणि लवकरच्या फ्रेममध्ये वाहिन्यांमधून झिरपताना दिसायला हवा. सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपथीत (दृष्टिपटलाखाली पाणी साचण्याचा आजार) धुराचा लोट प्रसिद्ध असला, तरी तो थोड्याच रुग्णांत दिसतो. शाईच्या डागासारखा पसरणारा ठिपका कितीतरी जास्त वेळा दिसतो. तुमच्या दुसऱ्या रुग्णात लोट दिसला नाही म्हणून तुम्ही लीक नाकारलंत का, हे स्वतःला विचारून बघा.

ओसीटीशी (दृष्टिपटलाच्या थरांचा छेद दाखवणारी तपासणी) न जुळणारे पॅटर्नही ओळखीचे करून ठेवा. ओसीटीत मॅक्युलात पोकळ्या आहेत, पण एफएफए दहा मिनिटं कोरडाच राहतो: एक्स-लिंक्ड रेटिनोस्किसिस (दृष्टिपटलाचे थर विलग होण्याचा आनुवंशिक आजार) असू शकतो, किंवा नायसिन वा टॅक्सेन गटातली औषधं चालू असतील. अशा रुग्णाला औषधांची यादी विचारणं हीच पुढची तपासणी. उलट, एफएफएत फोव्हियाच्या कानाकडच्या बाजूला उशिरा धूसर चमक आहे आणि ओसीटीत जाडी वाढलेली नाही, तर मॅक्युलर टेलँजिएक्टेसिया टाइप २ चा (फोव्हियाजवळच्या केशवाहिन्यांचा आजार) विचार करा. 'लीक म्हणजे सूज' हे समीकरण इथे दोन्ही बाजूंनी तुटतं.

चांगलं वाचायचं तर चांगलं काढलेलं हवं, आणि हे पुष्कळदा तुमच्या हातात असतं. डाय देण्याआधी रंगीत, रेड-फ्री (हिरव्या उजेडातला) आणि फिल्टरची कोरी फ्रेम. मोठ्या माणसांसाठी नेहमीचा डोस ५०० मिलिग्रॅम, म्हणजे १० टक्के द्रावणाचे ५ मिलिलिटर किंवा २० टक्क्यांचे अडीच. घड्याळ इंजेक्शन सुरू करतानाच चालू करा. साधारण आठव्या-दहाव्या सेकंदापासून तिसाव्यापर्यंत ज्या डोळ्याचा प्रश्न आहे त्याचे दर सेकंद-दोन सेकंदांना फोटो, मग दुसरा डोळा, मग दोन्ही डोळे १, ३, ५ आणि १० मिनिटांना. पाच-दहाव्या मिनिटाच्या फ्रेम गर्दीत सर्वांत आधी कापल्या जातात, आणि लीक ठरतं त्यांच्यावरच. फोटो काढणाऱ्याला आधीच सांगा: "सेंट्रल सिरसचा संशय आहे, उशिराच्या फ्रेम नक्की हव्यात." प्रश्न माहीत असला की तेही नेमकी जागा पकडतात.

डाय पोचायला वीस सेकंद लागले म्हणून लगेच रक्ताभिसरणावर ठपका ठेवू नका. आधी विचारा, इंजेक्शन किती हळू दिलं, शीर कुठली होती, थोडा डाय बाहेर तर गेला नाही? बाहेर गेला असेल तर इंजेक्शन तिथेच थांबवा. द्रावण अल्कधर्मी असतं, फार झोंबतं आणि ऊतीला इजा करू शकतं. मळमळ आली तर बहुधा पहिल्या मिनिटाच्या आत येते आणि लवकर ओसरते. रुग्ण नेमका तेव्हाच मागे सरकतो, म्हणून मधल्या काही फ्रेम नसतात. ती मोकळी जागा रिपोर्टमध्ये तशीच नोंदवा. गंभीर अॅलर्जी क्वचित होते, पण तातडीची औषधं हाताशी नसताना डाय देऊ नये. त्वचा काही तास पिवळसर आणि लघवी दिवसभर गडद राहील, हे रुग्णाला आधी सांगितलं की रात्री घाबरून फोन येत नाहीत.

रिपोर्ट लिहिताना 'लीक' हा शब्द निष्कर्ष आहे हे लक्षात ठेवा आणि तो दुसऱ्या वाक्यात लिहा. पहिल्या वाक्यात नुसतं वर्णन असू द्या: "फोव्हियाच्या नाकाकडच्या बाजूला एक ठिपका, २४ व्या सेकंदाला दिसू लागला, १ मिनिटाला डिस्कचा दहावा भाग, १० मिनिटांना तिसरा भाग, कडा धूसर, चमक डिस्कच्या कडेपेक्षा जास्त." हे लिहिल्यावर निदान चुकलं तरी वाचणाऱ्याला ते दुरुस्त करता येतं. आणि १० मिनिटांची फ्रेमच नसेल तर "हायपरफ्लुओरेसन्स, उशिराच्या फ्रेमअभावी स्वरूप ठरवता येत नाही" असं लिहायला लाजू नका. त्या रिपोर्टवर कुणीतरी लेझर करायचं की नाही ते ठरवणार असतं.

ओसीटी-अँजिओमुळे हे शिकणं वाया जाईल का? ते तंत्र डायशिवाय, काही सेकंदांत, वाहतं रक्त दाखवतं. बंद केशवाहिन्या आणि नव्या वाहिन्यांचं जाळं त्यात फार सुरेख दिसतं. पुष्कळ रुग्णांना त्यामुळे सुई टोचावी लागत नाही, हे चांगलंच आहे. पण झिरपणं त्यात दिसत नाही. वाहिनी आहे हे कळतं, ती गळते का हे कळत नाही. वाहिन्यांचा दाह, सेंट्रल सिरसमधलं गळतीचं नेमकं ठिकाण, मधुमेहात दूरच्या कडेची एखादी नवी वाहिनी, अशा प्रश्नांना डाय अजून लागतो. आणि ऑटोफ्लुओरेसन्स वाचतानाही हाच विचार उपयोगी पडतो, फक्त तिथे चमक डायची नसून आरपीईत साठलेल्या लिपोफ्युसिनची असते. म्हणून तिथे काळं म्हणजे बहुधा गेलेली आरपीई आणि झिजेच्या कडेची जादा चमक म्हणजे ताणाखालच्या पेशी. एफएफएमधला 'विंडो म्हणजे पांढरा' हा नियम तिथे नेला तर अर्थ नेमका उलटा लागतो.

आता त्या दोन रुग्णांच्या फाइल पुन्हा उघडा. निदान कागदाने झाका. प्रत्येकाची पंचवीसाव्या सेकंदाच्या आसपासची आणि सगळ्यात उशिराची अशा दोनच फ्रेम शेजारी ठेवा, जवळचा वाहिन्यांचा छेद शोधा आणि ठिपक्याची कडा त्याच्यापासून किती सरकली ते मोजा. पहिल्याची सरकलेली नसेल. दुसऱ्याची उशिराची फ्रेम काढलेलीच नसेल, तर तुम्ही कुठे चुकलात ते तिथेच कळेल. आणि पुढच्या वेळी पाचव्या मिनिटाला रुग्ण उठायला लागला, तर त्याला आणखी पाच मिनिटं थांबायची विनंती करा.